व्हॅलियम घेतली की व्हॅलियम घेतलं?

मीरा:
एका अमेरिकन कथेचा अनुवाद करतेय, काळ 1970 च्या आसपासचा. नायिका रोज दुपारी मुलं शाळेतून यायच्या आधी व्हॅलियम, म्हणजे मन शांत करणारी गोळी, घेते. मी लिहिलं 'तिने एक व्हॅलियम घेतली'. मसुदा तपासणाऱ्यांनी त्याचं 'घेतलं' केलं, कारण औषध नपुंसकलिंगी, आणि शेजारी शेरा मारला की शक्यतो व्हॅलियम काढून 'झोपेची गोळी' करावं म्हणजे वाचकाला पटकन कळेल. मला दोन्ही पटत नाहीये. बाई झोपायला गोळी घेतच नाही हो, मुलं आली की हसऱ्या चेहऱ्याने दार उघडता यावं म्हणून घेते. तुम्ही काय कराल?

अक्षरवेडा:
घेतली. परक्या नावाला आपण लिंग देतो ते मनात धरलेल्या मराठी शब्दावरून, इथे मनात गोळी आहे. क्रोसिन घेतली म्हणतो तसंच. अनेकवचन करून बघा, 'दोन व्हॅलियम घेतल्या' सहज तोंडात येतं, 'दोन व्हॅलियमं घेतली' कोण म्हणेल? तेच शिरेतून दिलं तर 'डॉक्टरांनी व्हॅलियम दिलं' हे बरोबर, कारण आता मनात इंजेक्शन आहे. म्हणजे लिंग नावाला चिकटलेलं नाहीच, औषध कुठल्या रूपात येतं त्यावर ठरतंय.

विशाखा:
आमच्या घरात व्हॅलियम हा शब्दच नव्हता, होती ती काम्पोज. आजीच्या उशाखाली रुमालात गुंडाळलेली पट्टी असायची आणि 'आज काही काम्पोजशिवाय डोळा लागायचा नाही' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात कुणी आदळआपट केली की काका म्हणायचे, 'अरे त्याला काम्पोज द्या कुणीतरी'. हे कंपनीने दिलेलं नाव आहे आणि आत व्हॅलियममधलंच औषध, डायझेपाम, असतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मीरा, सरळ काम्पोज लिही, मराठी वाचकाला एका शब्दात सगळं कळेल.

मीरा:
विशाखाताई, अमेरिकेतल्या बाईच्या हातात काम्पोज कशी देऊ? ते नाव आपल्याकडचं, साठच्या दशकाच्या शेवटी रॅनबॅक्सीने आणलेलं. वाचकाला एकदम आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटेल.

दादासाहेब:
कंपन्यांची नावं साहित्यात फुकट मिरवायची आणि आपले शब्द कोशात कुजत ठेवायचे, ही सवय आता मोडायला हवी. मराठीत या गोष्टीला नेमके शब्द आहेत. झोप आणणारं ते निद्राकर, क्षोभ कमी करणारं ते शामक आणि मन शांत करणारं ते प्रशांतक. तुमची नायिका प्रशांतक घेते. शब्द वापरला की रुळतो, वापरलाच नाही तर रुळणार कसा?

अक्षरवेडा:
दादासाहेब, शब्द सुंदर आहे, पण 'तिने प्रशांतक घेतलं' हे वाक्य वाचून मला त्या बाईच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटत नाही, औषधशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. कथेत माणसं बोलतात ते लिहायचं.

डॉ. समीर:
थोडं वैद्यकाच्या बाजूने, कारण 'झोपेची गोळी' या शब्दाने मोठा घोळ होतो. डायझेपाम मुळात चिंता कमी करायला, आखडलेले स्नायू सैल करायला, झटके थांबवायला वापरतात. झोप येते, पण ते मुख्य काम नाही. शिवाय ते शरीरात फार वेळ राहतं, निम्मं उतरायलाच वीस तासांच्या वर लागू शकतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही माणूस जड असतो. सवय लागते आणि मनाने एकदम बंद केलं तर धोकाही असतो. लोक 'साधी झोपेची तर गोळी' म्हणतात तेव्हा हे सगळं त्या शब्दाखाली झाकलं जातं, म्हणून माझा त्या शब्दाला विरोध आहे.
आणि मीराताई, नाव अजिबात काढू नका. हॉफमन-ला रॉश या औषध कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून आधी 1960 मध्ये लिब्रियम हे अशाच गुणाचं औषध आलं आणि 1963 मध्ये व्हॅलियम. 1969 ते 1982 अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारं औषध हेच होतं, एकट्या 1978 मध्ये दोनशे कोटींच्या वर गोळ्या विकल्या गेल्या. तिच्या शेजारणीच्या कपाटातही हीच गोळी असणार. नाव काढलंत की कथेतला काळच गेला.

कोरांटी:
नावाची व्युत्पत्तीही गोड आहे. लॅटिनमध्ये 'वालेरे' म्हणजे सशक्त असणं, धडधाकट असणं. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'वाले' लिहायचे, आपल्या 'सुखी राहा'सारखं. त्यातूनच व्हॅलियम. लिब्रियम हे इक्विलिब्रियममधून, म्हणजे समतोल. झोपेसाठी वापरतात त्या व्हॅलेरियन मुळीचं नावही बहुतेक याच 'वालेरे'वरून, आणि ती आपल्या आयुर्वेदातल्या तगराची सख्खी बहीण.

अक्षरवेडा:
याहून गंमत पुढे आहे. ही औषधं ज्या गटातली त्या बेंझोडायझेपिनमधलं 'बेंझो' अरबीतून आलंय. 'लुबान जावी' म्हणजे जावाचा धूप, त्यातला 'लु' युरोपात गळून पडला आणि बेंझोइन झालं, मग बेंझोइक आम्ल, मग बेंझिन. आपला लोबानही त्याच लुबानचा. संध्याकाळी घरात धूप फिरवताना मन निवतं ना, तोच शब्द या गोळीच्या पोटात बसलाय. मला हे कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.

दादासाहेब:
मग माझंही ऐका. प्रशांतकाला इंग्रजीत म्हणतात तो ट्रँक्विलायझर हा शब्द तरी तिकडे कुठे सनातन आहे? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन रश नावाच्या अमेरिकन डॉक्टरने वेड्यांना बांधून ठेवायची खुर्ची केली, तिचं ते नाव. आजच्या अर्थाने तो रुळला 1950 च्या दशकात, आणि त्यात मोठा वाटा रेसर्पिन या औषधाचा, जे निघालं आपल्या सर्पगंधेतून. सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949 मध्ये लिहिलं, रक्तदाबासाठी, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचं तिच्याकडे नीट लक्ष गेलं. मुळी आपली, गुण आपल्या वैद्यांना ठाऊक, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र त्यासाठी जुना शब्द नव्याने वापरून घराघरात पोचवला. त्यांना जमलं ते आपल्याला प्रशांतकाच्या बाबतीत का जमू नये?

डॉ. समीर:
दादासाहेब, त्यांचा शब्द पोचला कारण गोळी पोचली. शब्द एकटा कुठे चालत जातो?

मीरा:
ठीक, व्हॅलियम ठेवते. पण घेतली की घेतलं यावर अजून कुणाचं काही? तपासणाऱ्यांना दाखवायला एखादा छापील दाखला मिळाला तर फार बरं होईल.

विशाखा:
कोरांटी, एक मिनिट. तगर म्हणजे पांढऱ्या फुलांचं, पान तोडलं की चीक येणारं झुडूपच ना? त्याच्या मुळीने झोप येते?

कोरांटी:
नाही नाही, ते करू नका कुणी! वैद्यांची तगर वेगळी, ती हिमालयात होते, तिच्या मुळीला उग्र वास असतो. आपण देवाला वाहतो ते फुलझाड पूर्ण वेगळ्या कुळातलं.

दादासाहेब:
म्हणजे ग्रंथातलं तगर एक आणि अंगणातलं दुसरं. मग जुन्या मराठीत तगर येतं तिथे कुठलं समजायचं? सुगंधी द्रव्यांच्या यादीत असेल तर मुळी, हे मान्य. पण फुलांमध्ये आलं तर?

कोरांटी:
फुलांमध्ये आलं तर अंगणातलंच. पण धुपात आणि उटण्यात येतं ते तपासायला हवं. कुणाकडे जुनी उटण्याची कृती आहे का?