बोटाच्या टोकासाठी अपील करावे की नाही?

जुनाफिटर

'जमाखर्च' यांनी काल इथे लिहिले की ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती गेली याची ठरवलेली टक्केवारी मुकाट्याने स्वीकारावी, बोटाच्या टोकासाठी अपील करणे म्हणजे दलालाचे घर भरणे आहे, आणि एकरकमी पैसे मिळत असतील तर ते घेऊन विषय संपवावा. हा सल्ला मी २०१९ साली ऐकला होता आणि तंतोतंत पाळलाही होता, म्हणून त्याचा परिणाम काय झाला ते सविस्तर लिहितो.

भोसरीच्या एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या तर्जनीचे टोक गेले, पण हाड शाबूत राहिले. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा दुखापतीला ५ टक्के आहेत आणि बोर्डाने तेवढेच लिहिले. हातात रोज ३५० रुपये पडत असले तरी ईएसआयच्या कागदावर माझी मजुरी २०० रुपयेच दाखवलेली होती. तिचे ९० टक्के म्हणजे १८० रुपये आणि त्यातले ५ टक्के म्हणजे दिवसाला ९ रुपये. रक्कम इतकी लहान असल्यामुळे आयुष्यभराच्या लाभाऐवजी एकरकमी पैसे मागता येत होते. घरात आईचे ऑपरेशन ठरले होते. मी अर्जावर सही केली आणि पैसे घेतले.

वर्षभरात ते बोट आखडले. आज ते वाकत नाही, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे अवजार) धरता येत नाही. त्याच परिशिष्टात तर्जनीची दोन पेरे गेली तर ११ टक्के आणि सबंध तर्जनी गेली तर १४ टक्के आहेत, आणि अवयवाचा वापर पूर्णपणे व कायमचा गेला असेल तर तो अवयवच गेला असे धरावे, अशी टीपही तिथे आहे. हे सगळे मला युनियनच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने दाखवले, आणि पाठोपाठ कलम ५४-अ मधले परंतुकही दाखवले. बोर्डाच्या निर्णयावर एकरकमी रक्कम मागून ती स्वीकारलेल्या विमाधारकाला त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. सही करताना हे मला एकाही माणसाने सांगितले नव्हते. तुम्ही तर आता तीच सही करायला लोकांना सांगत आहात.

जमाखर्च

तुमच्या बोटाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. मी बावीस वर्षे कारखान्यांचे पगारपत्रक सांभाळले आहे आणि अपघाताचे अहवाल स्वतःच्या हाताने भरले आहेत. शाखा कार्यालयाबाहेर "टक्के वाढवून देतो" म्हणणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ती मिळणाऱ्या रकमेतला वाटा आधीच ठरवून घेतात आणि कामगाराचे चार-सहा खाडे करवतात. जे परिशिष्टात छापलेले आहे, ते अपील ऐकणारे न्यायाधिकरण बदलू शकत नाही. टोकाला ५ म्हणजे ५. शिवाय हा पैसा कोणा सरकारी तिजोरीतला नाही. तो कामगारांच्या मजुरीतून कापलेल्या पाऊण टक्क्यातून आणि मालकाच्या सव्वातीन टक्क्यांतून येतो. प्रत्येकाने अपील करायचे ठरवले, तर ज्याचा हात खांद्यापासून गेला आहे त्याची तारीख मागे पडेल.

कलमवाली

जमाखर्च, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत आणि ती ठामपणे सांगितल्यामुळे लोक तिला पूर्ण समजतील. (१९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तरी कलमांचे क्रमांक मीही त्याचेच देते आहे, कारण जुने निकाल त्याच क्रमांकांवर आहेत.)

परिशिष्टात जी दुखापत जशीच्या तशी लिहिलेली आहे, तिची टक्केवारी ठरलेली असते, हे मान्य. परंतु प्रेसखाली चिरडलेला हात परिशिष्ट वाचून चिरडला जात नाही. सांधा आखडणे, नस तुटून बधिरपणा येणे, पकड जाणे या गोष्टींचे मोजमाप बोर्डाच्या अंदाजावर चालते, आणि हा अंदाज चुकू शकतो म्हणूनच कायद्याने वैद्यकीय अपील न्यायाधिकरण ठेवले आहे. तिथे न जाता थेट कामगार विमा न्यायालयातही जाता येते. बोर्डाचा निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. एवढी माहिती असलेला कामगार दलालाकडे जाईलच कशाला?

कमाईची क्षमता म्हणजे काय, हेही विसरू नये. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली शंभर टक्के क्षमता गेली असे धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आपल्या परिशिष्टात मात्र बोटांसाठी उजवा हात आणि डावा हात असा फरकही नाही. उजव्या तर्जनीवर ज्याचा धंदा चालतो, त्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

जमाखर्च

तो सुताराचा खटला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखालचा आहे. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला कलम ५३ मुळे त्या कायद्याखाली दावाच करता येत नाही. वकिलांनी तरी दोन कायद्यांची सरमिसळ करू नये.

कलमवाली

कलम ५३ बद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि मी तो कायदा वेगळा असल्याचे आधीच लिहायला हवे होते. तत्त्वाबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

दुसरीपाळी

तुम्ही सगळे टक्क्यांवर बोलत आहात. माझ्या धाकट्या भावाचे प्रकरण टक्क्यांपर्यंत पोहोचलेच नाही. २००८ साली दुसऱ्या पाळीला जाताना कारखान्यापासून दीड किलोमीटरवर टेम्पोने त्याची सायकल उडवली. मांडीचे हाड मोडले आणि पाय कायमचा आखूड झाला. तेव्हा ईएसआय कार्यालयात उत्तर मिळाले की हा अपघात रस्त्यावरचा आहे, कामावरचा नाही. त्या उत्तरावर आमच्या घराची दहा वर्षे गेली.

जमाखर्च

हा विषय वेगळा आहे, पण त्या वेळचे उत्तर कायद्याला धरूनच होते. फ्रान्सिस डी कोस्टा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली नेमके हेच सांगितले होते. तेही सायकलवरच होते, कारखाना एक किलोमीटरवर होता आणि लॉरीची धडक बसली होती. घरातून निघाल्यापासून घडणारी प्रत्येक गोष्ट कारखान्याच्या माथी मारायची, तर उद्या भाजी आणायला गेलेल्याचाही दावा येईल.

दुसरीपाळी

माझा भाऊ भाजी आणायला गेला नव्हता. डबा बांधून पाळीवर निघाला होता. आपण हिशेबाचे काम केले आहे, म्हणून माणसाच्या पायाचाही जमाखर्च मांडायचा का? हे वाक्य आपण मागे घ्यावे.

कलमवाली

दोघांनीही थोडे थांबावे. जमाखर्च, तुमची माहिती अर्ध्यावर थांबली आहे. २०१० साली कायद्यात कलम ५१-ई आले. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला, तर नोकरीतलाच अपघात मानला जातो. भाजी आणायला गेलेला माणूस या अटीतच बाहेर पडतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असे म्हटले की हे कलम खुलासा करणारे आहे, त्यामुळे ते आधीच्या अपघातांनाही लागू होते. ते प्रकरण एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला तो माणूस कारखान्यापासून पाच किलोमीटरवर २००३ साली अपघातात गेला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. त्याच्या घरच्यांच्या बाजूने अंतिम निकाल लागायला बावीस वर्षे लागली. त्यांनी अपील केले नसते, तर तो निकालच झाला नसता.

दुसरीपाळी, तुमच्या भावाच्या प्रकरणात इतक्या वर्षांनी मुदतीचा प्रश्न मोठा आहे, तो मी लहान करून सांगणार नाही. पण तेव्हाचा नकार लेखी मिळाला होता की तोंडी, हे आधी शोधा.

दुसरीपाळी

तोंडी. खिडकीवरूनच सांगितले होते. कागद कधी मागितलाच नाही, कारण कागद मागायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते.

जमाखर्च

भाजीचे वाक्य मी मागे घेतो. ते चुकीचे होते आणि लागेल असेही होते. २०२५ चा निकाल मला माहीत नव्हता, हेही कबूल करतो. परंतु दलालांबद्दल मी जे लिहिले, ते खोटे आहे असे इथे एकानेही दाखवलेले नाही.

जुनाफिटर

दलाल आहेत, हे मीही नाकारत नाही. ते आहेत कारण खिडकीवर बसलेला माणूस पुढची पायरी सांगत नाही. मला एका ओळीत "हे पैसे घेतलेत तर अपील बंद होईल" असे सांगितले असते, तर मी आईच्या ऑपरेशनसाठी पतपेढीचे कर्ज काढले असते. व्याज फेडता आले असते. बोटाची किंमत मात्र एकदाच ठरली आणि तीही २०० रुपये मजुरीवर. आपण पगारपत्रकात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून विचारतो. कागदावर मजुरी कमी दाखवली की लाभही त्याच प्रमाणात आयुष्यभर कमी होतो, हे आपण किती कामगारांना सांगितलेत?

जमाखर्च

मी कमी मजुरी कधीही दाखवली नाही. पण सांगितले का, या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. ते माझे काम आहे असे मला तेव्हा वाटत नव्हते. माझ्या मूळ लेखातले एकरकमी पैशांबद्दलचे वाक्य मी काढून टाकतो. उठसूट अपील करू नये, हे वाक्य ठेवतो.

चाकणकर

मी आतापर्यंत फक्त वाचत होतो. माझ्या पुतण्याची मधली दोन बोटे प्रेसमध्ये चिरडली. बोटे जागेवर आहेत, पण मुठीत येत नाहीत. बोर्डाचे पत्र येऊन बराच काळ झाला आहे आणि एकरकमी रकमेचा अर्ज त्याने भरून ठेवला आहे. सोमवारी तो द्यायला जाणार आहे. काय करू?

कलमवाली

पत्र त्याच्या हातात कोणत्या दिवशी पडले, ते आधी पाहा आणि तिथून तीन महिने मोजा. टक्केवारी कायमची आहे की तात्पुरती, हेही त्या पत्रात पाहा, कारण तात्पुरती असेल तर बोर्ड त्याला पुन्हा तपासेल. कायमची असेल, तर बोटांची हालचाल किती अंशांपर्यंत होते ते अस्थिरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या.

जुनाफिटर

आणि सोमवारी तो अर्ज देऊ नका, दादा. घरीच ठेवा.