शब्दचर्चा : ‘त्रैक्य’ म्हणजे त्रिमूर्ती नव्हे, मग काय?

प्रश्न, राजारामपुरीतून :
शेजारच्या काकू दत्ताच्या भक्त, गुरुवार चुकवत नाहीत, पौर्णिमेला नरसोबाची वाडी ठरलेली. परवा आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ‘पवित्र त्रैक्य रविवार’ वाचून म्हणाल्या, ‘म्हणजे तुमचापण दत्तच की गं!’ मी ‘नाही ओ काकू’ म्हटलं खरं, पण पुढं काय सांगायचं ते सुचेना. त्यात चुलतभाऊ वर्षभर यहोवाच्या साक्षीदारांबरोबर, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाबरोबर, अभ्यासाला बसतोय. तो म्हणतो, हा शब्द बायबलात दाखव. दर रविवारी जेवताना वाद होतो, आई ताटावरून उठून जाते. मला आधी शब्द तरी नीट कळू दे. त्रैक्य, त्रिएक, त्रिमूर्ती यांतला बरोबर कोणता?

उत्तर, गडहिंग्लजहून :
ताई, त्रि + ऐक्य यांचा संधी नियमानं ‘त्र्यैक्य’ होतो. त्र्यंबक, प्रत्येक हे शब्द तसेच झालेत. पण तो जिभेवर अडखळतो. प्रार्थनेत रुळला तो ‘त्रैक्य’, आणि कानाला तो त्रैलोक्य, त्रैमासिक यांच्या ओळीतला वाटतो. रुळलेला शब्द बदलू नये असं माझं मत. ‘त्रिएक’ हे विशेषण, ‘त्रिएक देव’ असं येतं. त्यात संधी केलेलाच नाही, तरी अर्थ सगळ्यांत उघड आहे.

‘त्रिमूर्ती’ मात्र नको. तिथं उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत. त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं तत्त्व एकच, प्रत्येक जण पूर्ण देव, आणि तरी देव तीन नव्हेत. कामं वाटून तिघांना सुटं केलं की सिद्धांतच मोडतो. काकूंचं चुकलं असं मात्र म्हणू नका. युरोपातले चित्रकारही त्रैक्य म्हणून एका धडावर तीन चेहरे काढत. आठवे अर्बन या पोपनी 1628 मध्ये त्या चित्रांना बंदी घातली.

भावाचं म्हणणं खरं आहे, शब्द बायबलात नाही. दुसऱ्या शतकात अंत्युखियाच्या थेओफिलसनं ग्रीक ‘त्रियास’ वापरला, पुढं तर्तुलियननं लॅटिन ‘त्रिनितास’. पण 325 च्या बिशपांच्या निकेयाच्या सभेत भांडण झालं ते वेगळ्याच शब्दावरून. आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता, पुत्र हा निर्माण केलेला, तो नव्हता अशी वेळ होती. त्याला तोडायला सभेनं ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकतत्त्व, हा शब्द घातला. तोही बायबलात नाही, आणि तुमच्या भावाची तक्रार तेव्हाच्या बिशपांनीही केली होती.

उत्तर, मिरजेहून :
सरांचं पटलं, पण खरी अडचण ‘तीन व्यक्ती, एक देव’ यातल्या ‘व्यक्ती’ची आहे. रेशनकार्डावर तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं, तीन पोटं. तो अर्थ धरला तर देव तीन होतात. संस्कृतातला मूळ अर्थ धरला, व्यक्त होणं, तर एकच देव तीन रूपांत दिसतो असं होतं. ते साबेलियसचं मत, चर्चनं तेही नाकारलं. संडे स्कूलमध्ये पाणी, बर्फ, वाफ सांगतात. मुलांना ते चटकन समजतं, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. यार्देन नदीत बाप्तिस्मा होताना पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय, तिन्ही एकाच क्षणी. बर्फाचं उदाहरण तिथं टिकत नाही. मी ‘व्यक्ती’च वापरते, पण दर वेळी थांबून समजावते.

उत्तर, कसबा बावड्यातून :
आणखी एक. ‘युनिटेरियन’ला, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाला, मराठीत सरसकट ‘एकेश्वरवादी’ म्हणतात, ते मला खटकतं. म्हणजे त्रैक्य मानणारे अनेकेश्वरवादी झाले का? एकच देव हे दोन्ही बाजू शपथेवर सांगतात. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला युनिटेरियनांच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, म्हणून शब्द आपल्या ओळखीचा. तो ‘युनिटेरियन’च राहू द्यावा.

एका अव्ययानं माणूस कसा बदलतो तेही बघा. कलकत्त्यात राममोहन रॉय आणि विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी योहानाचं शुभवर्तमान बंगालीत आणत होते. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत सर्व काही ‘त्याने’, म्हणजे पुत्राने, झालं की ‘त्याच्याद्वारे’, यावर गाडी अडली. ‘द्वारे’ म्हटलं की करणारा दुसरा कुणीतरी मागं उभा राहतो. 1821 मध्ये अ‍ॅडम युनिटेरियन झाला. मराठी बायबलात ‘द्वारे’च आहे, आणि त्रैक्य मानणारे तेच रोज वाचतात.

राजारामपुरीतून :
सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंना सांगितलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. भावाशी आता योहानाच्या पहिल्याच ओवीवर बोलणं चाललंय. साक्षीदारांच्या इंग्रजी भाषांतरात ‘शब्द’, म्हणजे पुत्र, ‘एक देव’ होता असं येतं, आमच्यात नुसतं ‘शब्द देव होता’. ग्रीकमध्ये ‘एक’ला वेगळा शब्द लागत नाही म्हणे. मराठीतही लागत नाही. ‘तो डॉक्टर होता’ म्हणतोच की आपण. मग तिथं ‘एक’ घालायचा की नाही हे व्याकरणावरून ठरतं का? कुणाला ग्रीक येत असेल तर जरूर लिहा. रविवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.