परीक्षणं चार तारे देतात, खुर्च्या रिकाम्या राहतात

कौतुक झालेले सिनेमे थिएटरात का चालत नाहीत, या चर्चेत 'लोकांनाच चांगलं बघायचं नसतं' असं दोघातिघांनी लिहिलंय. अर्धंच खरं आहे. परीक्षणं वाचून जाणारा प्रेक्षक पहिल्या शुक्रवारी जातच नाही. तो आधी मित्राला विचारतो, मग रविवार बघतो. तोवर खेळ उरतो एकच, सकाळी पावणेअकराचा! नोकरी करणाऱ्या माणसानं त्या वेळी नागपुरात सीताबर्डीला कसं पोहोचावं?

आणि हिशेबाची गोष्ट इथे कोणीच काढली नाही. २००९ मध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर हिंदी सिनेमांसाठी मल्टिप्लेक्सवाल्यांशी जे ठरलं, त्यात तिकीटविक्रीतला वितरकाचा, म्हणजे निर्मात्याच्या बाजूचा, वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. म्हणजे तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चढणाऱ्या सिनेमाचं तिकीट खपायला लागतं, तेव्हा निर्मात्याच्या हाती त्यातलं कमी येतं. धूमधडाक्यात येऊन तीन दिवसांत गल्ला भरणाऱ्याला ही अडचणच नाही. आपल्याच गावात घडणारा 'झुंड' घ्या: ४ मार्च २०२२ ला आला, कौतुक भरपूर झालं, आणि पुढच्याच शुक्रवारी 'द काश्मीर फाइल्स' लागला. मग पडदे कोणाकडे जाणार, हे सांगायला नको. त्यात तीन तासांचा सिनेमा म्हणजे दिवसाला खेळही कमीच बसतात. (लांबी कमी हवी होती, हे मात्र माझंही मत.)