मदत हवी आहे : कमी वजनाच्या नवजात बाळाला मास्क घट्ट बसत नाही

आमच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला मी एकटीच परिचारिका असते. न रडणाऱ्या आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने (हाताने दाबून मास्कमधून हवा देण्याची पिशवी) श्वास द्यावा लागतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क नीट बसतो, परंतु दोन किलोच्या आतल्या बाळाला ० नंबरचा लावूनही गालाजवळून हवा सुटते आणि छाती उचलली जात नाही, हे पाहताना जीव कासावीस होतो. खांद्याखाली घडी ठेवली, तोंड-नाक साफ केले, मास्क आधी हनुवटीवर टेकवून मग नाकावर आणला. मास्कची कड शाबूत आहे, बॅगही तपासली आहे. टी-पीस यंत्र (बॅग न दाबता ठरावीक दाबाने श्वास देणारे उपकरण) येथे नाही. अशा वेळी एका हाताने बोटांची पकड नेमकी कशी ठेवावी, की मदतनीस ताईंना बॅग दाबायला शिकवून मी दोन्ही हातांनी मास्क धरणे अधिक योग्य ठरेल?