सह्याद्रीत फिरणाऱ्याने बचावसाहित्य रोज जवळ बाळगावे का?

कातळपायरी

गेली ११ वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे, आणि त्यांतली ६ वर्षे एक लहान झिपची पिशवी माझ्यासोबत केवळ डोंगरातच नव्हे, तर रोज कचेरीतही येते. तिच्यात शिट्टी, बोटभर लांबीची विजेरी व तिचा सुटा सेल, जलसंजीवनीची दोन पाकिटे, क्लोरीनच्या गोळ्या, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, घडी घातलेले चंदेरी पांघरूण, तीन मीटर दोर, घडीचा चाकू आणि ठिणगी पाडणारी फेरोची कांडी एवढ्या वस्तू असतात, आणि सगळ्यांचे मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत भरते.

घरचे हसतात, तरीही ती रोज नेण्यामागे एक साधे कारण आहे. मोठ्या मोहिमेची तयारी आपण आठवडाभर करतो, पण फसगत होते ती रविवारच्या 'जाऊन येऊ पटकन' या प्रकारात. राजगडावरून तोरण्याकडे निघालेल्या आमच्या सात जणांना एकदा उतरताना अंधार पडला, तेव्हा विजेऱ्या दोघांकडेच होत्या आणि उरलेल्यांचे मोबाईल दिवसभर छायाचित्रे काढून मान टाकून बसले होते. आदल्या रात्री भरलेल्या सॅकेत काहीतरी राहतेच. जी वस्तू रोज अंगाजवळ असते ती राहत नाही. आपले मत काय?

ढोरवाट

धागाकर्त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण ही यादी सह्याद्री पाहून तयार झालेली वाटत नाही. अशा याद्यांचे मूळ १९३० च्या दशकात सिअॅटलच्या 'द माउंटेनिअर्स' या संस्थेने केलेल्या दहा आवश्यक वस्तूंच्या यादीत सापडते, आणि ती ज्या मुलखासाठी होती तिथे वाट चुकलेल्या माणसाला बर्फात रात्र काढावी लागणे ही खरी शक्यता होती. आपल्याकडे बहुतेक धारांच्या पायथ्याशी एखादी वाडी असते. इथे माणूस जिवानिशी जातो तो ओल्या कातळावरून किंवा सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावरून पाय सुटून, एप्रिलच्या उन्हात पाणी संपून, सांधण दरीसारख्या घळीत वर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा येऊन, किंवा आग्या मोहोळ उठून. यांतल्या कशालाही आपल्या चाकूचे उत्तर नाही.

फेरोच्या कांडीला तर माझा विरोधच आहे. पावसाळ्यात तिने ओली काटकी पेटत नाही, आणि फेब्रुवारीनंतर गवत इतके वाळलेले असते की पेटलेले विझवता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे आग पेटवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार गुन्हा आहे. शिवाय कड्याखाली केलेला धूर वर लटकलेल्या पोळ्यापर्यंत पोचला, तर पुढचे सांगायला नको. एकच विचारतो, गेल्या सहा वर्षांत त्या चाकूने आपण काय कापले?

कातळपायरी

प्रामाणिक उत्तर देतो: काकड्या, आणि एकदा सॅकचा अडकलेला पट्टा.

पाऊलखूण

मी धागाकर्त्यांच्या बाजूची आहे, मात्र त्यांनी वस्तू मोजल्या आणि त्या वापरायच्या कशा हे वगळले, ही उणीव मला मोठी वाटते. शिट्टीचेच घ्या. डोंगरात संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा फुंकायचे, मग मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा तेच. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा फुंकून उत्तर द्यायचे. धुक्यात पदरावर, म्हणजे कड्याच्या पोटातल्या सपाट पट्ट्यावर, अडकलेल्या माणसाचा घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी मात्र तासन्‌तास वाजवता येते. पण ही खूण गटात एकालाच ठाऊक असेल, तर बाकीच्यांना वाटणार की कोणीतरी मजा करते आहे. जलसंजीवनीचे मोठे पाकीट लिटरभर पाण्यासाठी असते. बाटलीत तळाशी उरलेल्या पाण्यात ते पूर्ण ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि असे दाट द्रावण उलट त्रासच देते.

आणखी एक गोष्ट काळजीने लिहिते. पुष्कळ जण पाते आणि दोर 'साप चावला तर' म्हणून बाळगतात. दंशावर चिरा देणे, रक्त चोखणे, दोर करकचून आवळणे हे तिन्ही घातक आहे. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि रुग्णालय गाठावे, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे औषध शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. एका ओळखीच्यांच्या पेटीत मला प्राझोसिनच्या गोळ्या दिसल्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर या औषधाचा उपयोग दाखवून दिला हे खरे, परंतु ते रक्तदाब उतरवणारे औषध आहे. खिंडीत बसून अंदाजाने देण्याची ती गोष्ट नव्हे.

आकडी-कोयता

मी घाटमाथ्यावरच्या वाडीतला. शहरातल्या मंडळींना 'रोज जवळ बाळगायचे साहित्य' ही कल्पना नवीन वाटते, याची मला जरा गंमत वाटली. आमचे आजोबा कमरेच्या आकडीला कोयता आणि खांद्यावर घोंगडी घेतल्याशिवाय गुरांमागे जात नसत. मात्र त्यांच्याकडची प्रत्येक वस्तू दिवसातून चार वेळा वापरात येत असे, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. उन्हाळ्यात सकाळी अकराला आमच्या दारात पाणी मागायला येणाऱ्यांच्या पट्ट्याला महागडी हत्यारे लटकलेली असतात, पण पाठीवर दोघांत मिळून एक लिटरची बाटली असते. कारवीच्या रानात शिरलेली ढोरवाट गुरांच्या सोयीने फिरते आणि मध्येच विरून जाते, हे त्यांना ठाऊक नसते. वाडीत थांबून विचारले असते, तर अर्ध्या तासाची पायपीट वाचली असती.

ढोरवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत, माझ्या टोपणनावासकट. त्याला एवढीच जोड देतो की रेंज नसली तरी मोबाईलमधील जीपीएस चालते. आदल्या दिवशी नकाशा उतरवून घ्यावा आणि वाटेत फोन विमान-स्थितीत (फ्लाइट मोडवर) ठेवावा. परदेशी याद्यांतील उपग्रह-संदेशयंत्र इथे सुचवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की दूरसंचार विभागाच्या परवानगीविना ते भारतात वापरता येत नाही. त्यापेक्षा कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरी कागदावर लिहून ठेवावे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरसारख्या यंत्रणेकडे मदत मागितली जाते, तेव्हा शोध कुठून सुरू करायचा हेच पहिल्यांदा ठरवावे लागते.

कातळपायरी

फेरोची कांडी आज पिशवीतून काढली. चाकूही रोजच्या पिशवीतून काढून घरी ठेवतो, नाहीतरी मेट्रोच्या तपासणीत तो दर वेळी उघडून दाखवावा लागतो. पण विजेरी, शिट्टी आणि क्रेप बँडेज रोज नेण्याबाबत माझे मत बदललेले नाही, कारण वाडीत विचारणे किंवा घरी कागद ठेवणे यांच्या आड ती येत नाहीत. मागच्या महिन्यात सोसायटीच्या जिन्यात दिवे गेले आणि वरच्या मजल्यावरच्या आजींचा पाय मुरगळला, तेव्हा या तिन्हींपैकी दोन वस्तू उपयोगी पडल्या.

ढोरवाट

विजेरी मान्य. बाकीच्या जागेत पाण्याची दुसरी बाटली बसते का, ते एकदा पाहावे.