अनुभव धागा : लहान मुलांना घेऊन बाजारहाट

टिळकवाडीची ताई

परवा संध्याकाळी एका मार्टमध्ये बिलाच्या रांगेत उभी होते. पुढे एक तरुण मुलगी, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. थोरली असेल तीन-साडेतीन वर्षांची, ती फरशीवर पालथी पडून हंबरडा फोडत होती. एका हातानं काउंटरजवळचा चॉकलेटचा स्टँड घट्ट धरलेला. ट्रॉलीतलं अर्धं सामान बाहेर काढून झालेलं, त्यामुळे त्या आईला सगळं सोडून बाहेरही जाता येईना. मागून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "वळण लावत नाहीत हल्ली पोरांना." ती काहीच बोलली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

मी पुढे होऊन तिचं उरलेलं सामान काउंटरवर ठेवायला लागले, तशी तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि थोरलीपाशी खाली बसली.

घरी आल्यावर माझी दोघं लहान असतानाचे दिवस आठवत राहिले. तेव्हा आमच्याकडे मार्ट नव्हती. महिन्याचा किराणा बेळगावच्या रविवार पेठेतून आणि बाकी सगळं गणपत गल्लीतून. शनिवारच्या गर्दीत एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. पण आमचे दुकानदार मुलाला उचलून तांदळाच्या पोत्यावर बसवायचे, हातात गुळाचा खडा द्यायचे आणि मग माझी यादी वाचायला घ्यायचे. पोराला सांभाळणं हे एकट्या आईचं काम आहे असं तिथं कुणाला वाटत नव्हतं. मार्टमध्ये सगळं हाताशी आहे, एसी आहे, पण ते पोतं नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

तुम्ही कसं करता, कसं केलंत, लिहा. लहान मोठं काहीही.

चिमणीची आई

खाऊ घालून न्यायचं. पोट रिकामं आणि झोपेची वेळ, हे दोन्ही एकत्र आलं तर देवसुद्धा काही करू शकत नाही 😄 बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

अनगोळ नाका

ताई कुठलं मार्ट? पार्किंग बरं आहे का तिथं?

निपाणीची सून

ताई, तुम्ही बाळ घेतलंत हे वाचून बरं वाटलं. माझ्याबरोबर असं कुणी केलं असतं तर मी तिथंच रडले असते.

माझी थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. थोरलीला मी काम देते. पुडा हातात घेतला की आधी तारीख बघायची, मग एमआरपी, मग घटक पदार्थ. पाकिटावर जे वजनानं जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं, हे तिला सांगून ठेवलंय. त्यामुळे साखर कितव्या नंबरला आहे ते ती शोधते. एकदा ज्याला आम्ही "पौष्टिक" समजून घेत होतो त्या पावडरीत साखर दुसऱ्या नंबरला निघाली. तिनं स्वतःच तो डबा परत ठेवला, मला एक शब्द बोलावा लागला नाही. धाकट्याला वाचता येत नाही, तो हिरवा ठिपका आणि चॉकलेटी त्रिकोण शोधतो. त्रिकोण सापडला की मोठ्यांदा ओरडतो, "मम्मी हे मांसाहारी!" शेजारची बाई दचकली एकदा, केकचं पाकीट होतं तिच्या हातात 😂

पण हे सगळं पाऊण तास चालतं. त्यानंतर चालत नाही. पाऊण तासात जे झालं ते झालं, उरलेलं कोपऱ्यावरच्या दुकानातून.

वडगावची वहिनी

हो ना केकचं मलाही माहीत नव्हतं, अंडं असतं की. आम्ही आता श्रावणात बघूनच घेतो.

कडोलीकर

बाबा लोकांनी पण लिहायचं ना? लिहितो.

रविवारी मीच नेतो दोघांना, बायकोला तेवढाच आराम. दोन गोष्टी सांगतो, गांभीर्यानं घ्या.

एक, ट्रॉलीत पोराला उभं करू नका. मुलं उभी राहून पुढं वाकतात आणि पडली तर डोक्यावरच पडतात. बसायची जागा असते तिथंच बसवा, आणि ती लहान बाळांसाठीच असते, पाच वर्षांच्या पोराला त्यात कोंबू नका.

दोन, सरकता जिना. त्या मऊ रबरी चपला असतात ना भोकाभोकांच्या, त्या घालून नेऊ नका. माझ्या पुतण्याची चपल कडेच्या फटीत ओढली गेली. पाय निघाला, चपल गेली. खाली उभ्या असलेल्या एका मुलानं लाल बटण दाबलं म्हणून जिना थांबला. ते बटण वरच्या आणि खालच्या टोकाला असतं. तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी बटण कुठं आहे ते बघतो आणि पोरांनाही दाखवतो. मुलाला मधोमध उभं करायचं, कडेला पाय टेकवू द्यायचा नाही.

चिमणीची आई

बापरे. आमच्या चिमणीकडे त्याच चपला आहेत. आजच बंद.

आजोबा, शहापूर

आमच्या सौभाग्यवतींना मराठी वाचता येते, कानडी येत नाही. नातू पहिलीत आहे, शाळेत दोन्ही शिकतो. मार्टमध्ये वर टांगलेल्या पाट्या तो आजीला वाचून दाखवतो, "आजी, इथं अक्की, पलीकडं बेळे." तांदूळ-डाळीच्या गल्लीत आजीला हाताला धरून तोच नेतो. कोण कोणाला सांभाळते हा प्रश्नच आहे. घरी आल्यावर ती सगळ्यांना सांगते, "मी काय सांगतो बघा, पोराला घेतल्याशिवाय मी मार्टला जात नाही."

सीमावासी

काका पाट्यांचा विषय काढलातच तर, आता 60 टक्के जागा कन्नडला द्यायचा कायदा झालाय, मराठी दुकानदारांनी...

टिळकवाडीची ताई

@सीमावासी दादा, तो विषय मोठा आहे आणि महत्त्वाचाही, पण या धाग्यावर नको. वेगळा काढा, मी तिथं नक्की लिहीन.

मच्छेची मैत्रीण

मी बसनं जाते. शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, 2023 च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा जावा-जावा मिळून पोरांना घेऊन बेळगावला बाजाराला जायला लागलो. आधी एकटी जायचं म्हणजे तिकिटाचा विचार करून दोनदा थांबायचे. आता पोरांना किल्ला बघायला पण मिळतो 😊 अडचण एकच, गर्दी. कडेवर मूल, हातात पिशव्या आणि उभं राहून यायचं. म्हणून जड सामान गावातल्या दुकानातूनच घेते, तेल, गहू, साखर. शहरातून फक्त हलकं.

पण माझ्या धाकट्या जावेचं आधार अजून माहेरचं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं आहे. कंडक्टर कर्नाटकचा पत्ता बघतात, मग तिला तिकीट काढावं लागतं. आम्ही तिघी फुकट आणि ती एकटी पैसे देणार, तिला फार लागतं ते. शेवटी आम्ही तिच्या तिकिटाचे पैसे वाटून घेतो.

वडगावची वहिनी

अगं पत्ता बदलून घ्या की तिचा. रेशन कार्डावर नाव चढलंय का? ते असेल तर आधार सेवा केंद्रात होतं काम. गृहलक्ष्मी योजनेचे पैसे मिळायच्या वेळी आमच्या नणंदेचं असंच अडलं होतं.

मच्छेची मैत्रीण

नाव चढवायला टाकलंय वहिनी. बघू.

अनगोळ नाका

पार्किंगचं कुणी सांगितलं नाही 🙏

एका मुलाची आई

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. ऑटिझम आहे. ताईंनी लिहिलेली ती फरशीवरची मुलगी हट्ट करत असेल, पण माझा मुलगा पडतो तेव्हा तो हट्ट नसतो. आपल्याला मार्टमध्ये आवाज येतच नाहीत असं वाटतं. त्याला सगळे येतात. फ्रिजची घरघर, बिलाच्या मशीनची पीं पीं, स्पीकरवरची अनाउन्समेंट, ट्रॉलीचं चाक, आणि वर ते पांढरे दिवे. सगळं एकदम. तो कान दाबून खाली बसतो आणि ओरडतो, कारण स्वतःचा आवाज मोठा केला की बाकीचे कमी येतात. हे मला त्याच्या थेरपिस्टनी समजावलं, आणि समजल्यापासून मी त्याच्यावर कधी चिडले नाही. लोक मात्र म्हणतात, "एवढा मोठा घोडा आणि रडतो."

काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. सकाळी शटर उघडलं की जातो, मधल्या वारी, रविवारी नाही. कानावर मोठे हेडफोन. घरून निघण्याआधी मोबाईलवर फोटो दाखवते, आज काय काय घ्यायचं, ह्या क्रमानं. तूरडाळ, मग तेल, मग साबण, शेवटी त्याचं बिस्किट. रस्ता रोज तोच. क्रम बदलला तर बिघडतं.

डाळीच्या रॅकपाशी तो थांबतो. पाकिटं वाकडीतिकडी असतील तर एकेक सरळ करतो, सगळ्यांची नावं समोर येईपर्यंत. पूर्वी मी त्याला ओढत पुढं न्यायचे. आता थांबते. तिथं काम करणाऱ्या एका मुलीनं ते पाहिलं आणि ती त्याला म्हणाली, "छान लावलंस की रे, माझं काम झालं." त्याचं बिस्किट संपायला आलं की ती एक पुडा मागं काढून ठेवते आमच्यासाठी. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं बघून ओळखलं.

रांगेत कुणी मागं वळून बघत राहिलं तरी त्रास होतो. मदत करता येत नसेल तर नुसतं दुसरीकडं बघा, एवढंसुद्धा खूप असतं आम्हाला.

निपाणीची सून

❤️❤️ शब्द नाहीत. स्वतःचा आवाज मोठा करून बाकीचे कमी करायचे, हे मला कधीच सुचलं नसतं. मुलीला वाचून दाखवलं, तिच्या वर्गात आहे असा एक मुलगा.

कडोलीकर

ताई, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का त्याचं? 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. माझ्या मेहुण्याच्या मुलीचं काढलं, जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, अर्ज ऑनलाइन.

एका मुलाची आई

हो दादा, काढलंय. पण विचारलंत, बरं वाटलं.

टिळकवाडीची ताई

@एका मुलाची आई, त्या गृहस्थांना मी काही बोलले नाही, फक्त सामान उचललं. पुढच्या वेळी बोलेन.

खानापूर रोड

मुलगा हरवला होता आमचा, मॉलमध्ये. पाच मिनिटं असतील, पण ती पाच मिनिटं मी कुणाला देणार नाही. खेळण्यांच्या रॅकमागं बसला होता. सिक्युरिटीच्या मामांनी त्याला कन्नडमधून विचारलं, "हेसरु एनु?" त्यानं नाव सांगितलं. घर कुठं, तर म्हणाला, "दत्ताच्या देवळापाशी, तिथं काळी म्हैस असते." मामा पण हसले. स्पीकरवर "केंपु शर्ट, नाल्कु वर्ष" (लाल शर्ट, चार वर्षं) ऐकलं आणि मी धावले.

तेव्हापासून गर्दीत जाताना मनगटाच्या आतल्या बाजूला पेनानं मोबाईल नंबर लिहिते. गणपतीतही आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री तर नक्कीच. आणि त्याला सांगून ठेवलंय, हरवलास तर फिरायचं नाही, जिथं आहेस तिथंच थांबायचं आणि लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. 1098 पाठ करून घ्या मुलांकडून, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

वडगावची वहिनी

मनगटावर नंबर, मस्त. चित्ररथांना आमची पण जातात खांद्यावर बसून. रात्रभर!!

कुंदाप्रेमी

मूल नाही मला 😅 पण भाचीला घेऊन गेलो होतो. तिला 20 रुपये हातात दिले आणि सांगितलं, यातच काय ते घे. अख्खं मार्ट फिरली, किंमती विचारत. शेवटी बाहेर येऊन गाड्यावरचं भडंग घेतलं आणि 10 परत आणून दिले. असली हिशेबी पोरगी.

आजोबा, शहापूर

भडंग कुठलं? आमच्याकडे आता पूर्वीसारखं तिखट मिळत नाही. संकेश्वरी मिरचीचं तिखट घातलेलं हवं.

कुंदाप्रेमी

काका, गोवावेसजवळ बघा, संध्याकाळी असतो गाडा.

चिमणीची आई

आले परत. कुकर झाला, भांडी झाली. मला खरं एकच अडतंय, कुणीच नाही घरात मुलांना ठेवायला. सासू गावी, नवरा पुण्यात. दोघांना घेऊनच जावं लागतं दर वेळी. चॉकलेटचा स्टँड बरोबर पोरांच्या डोळ्यांपुढं लावतात, तिथं रांगेत पंधरा मिनिटं उभं राहायचं. एवढं तरी करावं की, एक काउंटर बिनचॉकलेटचं ठेवावं लहान मुलं असणाऱ्यांसाठी. मी तिथल्या वहीत लिहून आले कन्नड आणि मराठीत. तुम्ही पण लिहा, दहा जणींनी लिहिलं तर बघतील.

निपाणीची सून

लिहिते. नक्की.

अनगोळ नाका

तुम्ही कुठं राहता? मी अनगोळमध्ये, माझी पण दोन आहेत. पार्किंग त्यासाठीच विचारत होते, दोघांना घेऊन लांबून चालत येता येत नाही.

चिमणीची आई

अय्या, मी पण अनगोळमध्येच! मला वाटलं तुम्ही कुणी दादा 😄

अनगोळ नाका

ताई आहे हो. ऐका ना, बुधवारी तुमची दोघं माझ्याकडे ठेवा, तुम्ही जाऊन या. शनिवारी माझी तुमच्याकडे. काय म्हणता?

चिमणीची आई

चालेल की! मेसेज करते पत्त्याचा. फक्त धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर उठतं, तेवढं लक्षात ठेवा.