सल्ला हवा: जुन्या डिझेल पिकअपला पाचवा गिअर कसा आणि कोणता बसवावा? (कोल्हापूर)

गुऱ्हाळवाट:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या वेळची, नव्वदच्या दशकातली महिंद्रा पिकअप आहे. २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, चार गिअरचा केएमटी-९० बॉक्स, ओढ फक्त मागच्या चाकांना. इंजिनाचं काम नुकतंच पूर्ण केलंय. धूर नाही, ऑइल खात नाही, थंडीतही पहिल्या सेल्फला चालू होते. गाडी विकायची नाही, तेव्हा "नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

हंगामात गूळ भरून शाहूपुरीत येतो, अधूनमधून गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरतो. तिथं गाडीबद्दल काही तक्रार नाही. पण आता कराड-साताऱ्याच्या खेपा वाढल्यात. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलं की साठपर्यंत ठीक चालते, सत्तरच्या पुढं इंजिन नुसतं ओरडतं. रिकामी परत येताना तर फारच जाणवतं. इंजिनात दम शिल्लक आहे आणि वर टाकायला गिअर नाही.

एक मिस्त्री म्हणतात क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, बदला. दुसरे म्हणतात पाच गिअरी बॉक्स टाका, बोलेरोचा नाहीतर आर्मडाचा. आणि भाच्यानं अमेरिकेतले व्हिडिओ दाखवलेत, त्यात गिअरबॉक्सच्या मागं वेगळं ओव्हरड्राइव्हचं (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारं) युनिट जोडतात. यातलं आपल्याकडं काय करण्यासारखं आहे?

फोंडाघाट:
दादा, घाटात भरलेली गाडी न्यायची असेल तर क्राऊन-पिनियनला हात लावू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

उद्यमनगर_लेथ:
आधी दोन मापं घ्या, मग बोलू. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) खडूनं एक रेघ आणि चाकावर एक रेघ. दोन्ही चाकं एकाच दिशेनं बरोबर एक फेरा फिरवायची आणि शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजायचं. एकच चाक उचलून करणार असाल तर ते चाक दोन फेरे फिरवा, कारण डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना गती वाटून देणारा भाग) अर्धी गती दुसऱ्या चाकाकडं वळवतं.

दुसरं माप टायरचं. नेहमीचा माल आणि नेहमीची हवा भरून, फरशीवर खूण करून गाडी ढकला आणि चाकाचा एक फेरा जमिनीवर किती अंतर घेतो ते टेपनं मोजा. टायरवर छापलेल्या आकड्यावरून हिशोब करू नका, भारानं टायर बसतो.

गुऱ्हाळवाट:
घेतली मापं. शाफ्टचे पाच पूर्ण फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त. चाकाचा फेरा २.२ मीटर.

उद्यमनगर_लेथ:
म्हणजे तुमचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ५.३८ आहे, ४३ दात क्राऊनला आणि ८ पिनियनला. जुन्या विलीज जीपपासून चालत आलेला रेशो. शेतात, चिखलात, घाटात ओढायला केलेला.

आता हिशोब बघा. चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात. ६० च्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ४५५ फेरे घेतं, त्याला ५.३८ नं गुणलं की इंजिन २४५० वर. ८० ला तेच ३२६० होतं. या इंजिनाला तासन्‌तास तिथं ठेवायचं नसतं, तुमच्या कानाला जे वाटतंय ते बरोबर आहे.

क्राऊन-पिनियन ४.२७ ची टाकली तर ८० ला इंजिन २५९० वर येईल. ५.३८ तशीच ठेवून ०.८० चा पाचवा गिअर मिळाला तर २६१०. हायवेवर दोन्हीत काडीचा फरक नाही. फरक बाकीच्या गिअरमध्ये आहे. क्राऊन-पिनियन बदलल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या गिअरची ओढ एक पंचमांशानं कमी होते. गगनबावड्याच्या चढाला भरल्या गाडीनं जिथं आज दुसरा गिअर ओढतो तिथं पहिला लागेल, आणि वळणावर थांबून पुन्हा उचलायची वेळ आली तर क्लच जळेल. पाच गिअरी बॉक्समध्ये खालचे गिअर घाटासाठी राहतात आणि पाचवा फक्त सपाटीसाठी मिळतो. मालाची आणि घाटाची गाडी असेल तर माझं मत सरळ बॉक्सच्या बाजूनं आहे.

अजून एक. तुमच्या स्पीडोची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूनं निघते. क्राऊन-पिनियन बदलली तर शाफ्ट कमी फिरेल आणि खरा वेग ८० असताना काटा ६३-६४ दाखवेल. नुसता बॉक्स बदलताना ही भानगड त्या मानानं कमी, फक्त नव्या बॉक्सचं स्पीडो-पिनियन तुमच्या रेशोला जुळतंय का ते बघून घ्यायचं.

कागलचा_डिझेलवाला:
भाच्यानं दाखवलेल्या युनिटबद्दल सांगतो. तिकडं ते खूप चालतं आणि त्याला कारण आहे. १९८९ ला डॉजच्या पिकअपमध्ये ५.९ लिटरचं कमिन्स आलं तेव्हा त्याच्यासोबतचा ऑटोमॅटिक बॉक्स तीनच गिअरचा होता, ओव्हरड्राइव्ह नव्हता. ते इंजिन १६० अश्वशक्ती २५०० फेऱ्यांनाच देतं, त्याच्या वर त्याचं काम नाही. ताकद भरपूर, फेरे कमी, रस्ते लांब आणि सरळ. अशा गाडीला वरचा गिअर नसेल तर हायवेवर ती बांधल्यासारखी चालते. फोर्डच्या जुन्या डिझेलमध्येही तीन गिअरचा ऑटोमॅटिक होता, तिथंही तीच गरज.

मग ते लोक दोनपैकी एक करतात. एकतर गिअर व्हेंडर्सचं युनिट बॉक्सच्या मागं जोडतात. ०.७८ चा रेशो, म्हणजे फेरे २२ टक्के कमी. त्याचं मूळ इंग्लंडच्या लेकॉक-डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्हमध्ये आहे: आत प्लॅनेटरी गिअर, शंकूच्या आकाराचा क्लच आणि तेलाच्या दाबावर चालणारा पिस्टन. बटण दाबलं की लागतं, प्रत्येक गिअरला अर्धा गिअर जास्तीचा मिळतो. नाहीतर एनव्ही-४५०० सारखा पाच गिअरी हाताचा बॉक्स टाकतात. तो दणकट, पण डॉजमध्ये त्याच्या पाचव्या गिअरचा नट ढिला होऊन पाचवा जायची खोड प्रसिद्ध आहे, म्हणून बांधतानाच त्या नटाचा पक्का इलाज करून घेतात.

आपल्यासाठी ते युनिट मागवणं व्यवहाराचं नाही. शिपिंग, ड्यूटी, शिवाय आपल्या बॉक्सच्या मागच्या तोंडाला जुळणारा ॲडॉप्टर घडवायचा, आणि पुढं सील गेलं तरी पार्ट तिकडून. बोलेरोच्या बॉक्सचा पार्ट तुम्हाला गडहिंग्लजातसुद्धा मिळेल. माल थांबवून गाडी उभी ठेवता येत नाही, हे आधी धरा.

फोंडाघाट:
आर्मडाचा बीए-१० की बोलेरोचा एनजीटी, यावर कुणीतरी स्पष्ट लिहा.

उद्यमनगर_लेथ:
लिहितो. बीए-१० हा मूळ पूजोचा बॉक्स, मुळात हलक्या गाड्यांसाठीचा. चांगला चालतो, गिअर मऊ पडतात, पण त्याची ताकद मर्यादित आहे. अमेरिकेत १९८७ ते १९८९ या काळात जीपच्या चेरोकी आणि रँग्लरला हाच लावला होता, आणि मोठ्या इंजिनांखाली तो टिकत नाही म्हणून बदनाम झाला. पुढं त्याच्या जागी ऐसिनचा एएक्स-१५ आला. तुमचं इंजिन त्यांच्याइतकं ताकदवान नाही हे खरं. पण तुम्ही टनाच्या गोष्टी करता, घाट चढता. मी तुमच्या गाडीला तो सुचवणार नाही. शिवाय आर्मडातल्या पूजोच्या इंजिनाचा ब्लॉक वेगळा, म्हणून त्या गाडीतून काढलेल्या बॉक्सचं बेल हौसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं, आत क्लच असलेलं कवच) तुमच्या डीआयला लागेलच असं धरू नका.

बोलेरोत तुमच्याच घराण्याचं २५२३ सीसीचं इंजिन होतं. त्या गाडीचा एनजीटी बॉक्स घ्या, आणि सुटा घेऊ नका. बेल हौसिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लचचा फोर्क, मागचं माउंटिंग, गिअर लिव्हर आणि प्रोपेलर शाफ्टचा पुढचा योक (टोकाचा सांध्याचा दुबेळका), सगळं एकाच गाडीतलं एकत्र उचला. बॉक्सच्या किमतीपेक्षा या सुट्या वस्तू नंतर गोळा करताना जास्त पैसा आणि वेळ जातो. फोर बाय फोरचा बॉक्स चुकून घेऊ नका, त्याची मागची बाजू वेगळी असते.

बसवताना काम तीन ठिकाणी येतं. क्रॉस मेंबर पुढं-मागं सरकवावा लागेल, नवीन भोकं पाडून बोल्टवर बसवा, चॅसीला वेल्डिंग करू देऊ नका. फ्लोअरचं लिव्हरचं भोक सरकेल. आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल. शाफ्ट कापून वेल्ड केल्यावर बॅलन्सिंग मशीनवर चढवलाच पाहिजे. तो कुठं करायचा याची चिंता आपल्या गावात तरी नको, उद्यमनगर आणि शिरोलीत हे रोजचं काम आहे. फक्त समोर उभं राहून बॅलन्स करून घ्या आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ते डोळ्यांनी बघा. ते फिरले असतील तर साठनंतर पूर्ण गाडी थरथरेल आणि तुम्ही दोष नव्या बॉक्सला द्याल.

पंचगंगाकाठ:
भंगारातून बॉक्स घेताना बघायच्या गोष्टी. आधी ड्रेन नट काढून तेल बोटांवर घ्या. चोळल्यावर पिवळी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगची (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी कडी) झीज, रिंगा बदलून भागतं. लोखंडाची बारीक सळी किंवा कणी टोचली तर दात गेलेत, तो बॉक्स तिथंच ठेवा. मग पुढचा शाफ्ट हातानं वर-खाली हलवा, बेअरिंगचा खेळ लगेच कळतो. शेवटी पाचवा टाकून पुढचा शाफ्ट फिरवा आणि मागच्या शाफ्टचे दहा फेरे होईपर्यंत पुढच्याचे मोजा. आठ झाले तर रेशो ०.८०. दुकानदार तोंडानं सांगेल त्यावर जाऊ नका.

पाचव्याकडं मुद्दाम लक्ष द्या. चौथ्यात जोर सरळ आरपार जातो, लेशाफ्टवर (बॉक्समधला खालचा जोडशाफ्ट) भार नसतो. पाचव्यात सगळा जोर लेशाफ्टवरून फिरून येतो, त्यामुळं तिथं उष्णता आणि झीज जास्त.

आणि चालवण्याबद्दल. रिकामी किंवा निम्मी भरलेली असेल, सत्तरच्या वर असाल, रस्ता सपाट असेल तरच पाचवा. ६० ला पाचवा टाकलात तर इंजिन २००० च्या खाली येईल, आणि भरलेल्या गाडीला तिथून रेटलं की काळा धूर निघतो, इंजिन आतून तापतं, क्लचच्या स्प्रिंगा आणि बेअरिंगवर घाव बसतो. पुण्याहून येताना खंबाटकीच्या पायथ्याला लागायच्या आतच चौथ्यात या. एक मनापासून सांगतो: गाडी आता आरामात ऐंशीनं पळेल, पण ब्रेक तेच आहेत. बॉक्स उतरवलाय तोवर मागच्या ड्रमचे लायनर, सिलिंडर, होज सगळं नवं करा.

कायदा_कट्टा:
मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या. आरसीवरच्या नोंदी मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीत गिअरबॉक्सचा रकाना नसतो, इंजिन आणि चॅसी नंबर तुम्ही बदलत नाही. तरी तुमची गाडी मालवाहू आहे, दरवर्षी फिटनेसला जाते, म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. बॉक्सचं बिल जपून ठेवा. बिल नसलेला बॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

गुऱ्हाळवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: क्राऊन-पिनियन तशीच, बोलेरोचा पूर्ण सेट बिलासकट, आधी आरटीओत अर्ज. काम गुऱ्हाळं बंद झाल्यावर काढतो. एकच राहिलं. डिफरन्शियलचं ९० नंबरचं तेल घरात पडून आहे, तेच बॉक्सला चालेल का?

उद्यमनगर_लेथ:
नको. डिफरन्शियलचं तेल बहुतेक जीएल-५ प्रतीचं असतं, त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळेला खातात. बॉक्सला जीएल-४, आणि ग्रेड त्या बॉक्सच्या मूळ गाडीच्या पुस्तिकेतला, तुमच्या पिकअपच्या नाही. बाजूच्या नटाच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरा, गाडी सपाटीवर उभी करून. पहिलं तेल लवकर बदला, नव्यानं जुळलेल्या भागांची कीस त्यात निघते. आणि सेट उचलायच्या आधी बेल हौसिंगचा फोटो इथं टाका, बोल्टची भोकं बघून सांगतो.